माणशी एक

मंगळवारी आमच्याकडे अंडी स्वस्त.
दहाचा डबा अठ्ठ्याण्णव येन,
वर पाटी, माझ्याच अक्षरात:
माणशी एकच.

माझी पाळी संध्याकाळची.
कमरेला लेबलांचं यंत्र,
साडेसातला मासळीवर 'अर्धी किंमत' चिकटवायची.
सव्वासातपासूनच माणसं जमतात थंड कपाटापाशी,
पण जमल्यासारखी दिसत नाहीत.
कुणी सॉसच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत राहतं,
कुणी एकाच मुळ्याला तिसऱ्यांदा हात लावून बघतं.
आमच्या कुशिरोत धुकं येतं तसंच हे,
येताना कुणाला दिसत नाही,
आणि मग मला कपाटाचं दार उघडायला जागा उरत नाही.

नुमाताबाई या घोळक्यात कधी नसायच्या.
त्यांचं सगळं घरूनच ठरलेलं.
जाहिरातीचा कागद चार घड्यांचा, त्यावर लाल पेनाचे गोल:
तोफू इथला, कोबी इथला,
कांदे मात्र पुलापलीकडच्या दुकानातले,
तिथे आठ येनने कमी.
आठ येनसाठी पूल!
जानेवारीत, बर्फात टाचा रोवत.
परवडतं का हो, मी एकदा विचारलं.
म्हणाल्या, पाय माझे आहेत,
त्यांना कुठे पैसे पडतात.

मागून तोकुजीकाका.
जन्म बंदरावर दोर ओढण्यात गेलेला,
बोटं अजून अर्धी मिटलेलीच.
रांगेत बाई त्यांना लांब उभं करायच्या,
मध्ये दोन परकी माणसं सोडून,
ओळखदेख नसल्यासारखं.
त्यांच्या हातात दुसरा डबा
आणि मोजून दिलेली चिल्लर.
एकदा काका गल्ल्यापाशी मोठ्यानं म्हणाले,
"सत्तेचाळीस वर्षांचा संसार,
आणि माझी किंमत एक डबा अंडी!"
बाईंनी मानही वळवली नाही.
"आधी तेवढीही नव्हती."
गल्ल्यावरची मिसुझु इतकी हसली
की नाणी पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.

मार्चपासून बाई एकट्या येऊ लागल्या.
पहिल्या मंगळवारी सवयीनं दोन डबे उचलले,
गल्ल्यापर्यंत गेल्या,
माझी पाटी वाचली,
आणि एक डबा जागेवर ठेवून आल्या,
कड कडेला लावून, नीट.

पुढे तो एकही घेईनात.
दहा अंडी एका पोटाला जड.
कोबीचा अर्धा तुकडा घ्यावा
तर तो अख्ख्याच्या निम्म्याहून महाग.
सूट असते ती दोन घेणाऱ्याला,
किलोला, मोठ्या पाकिटाला, भरल्या घराला.
एकट्या माणसाला काटकसरही परवडत नाही,
हे मला माझ्या खोलीवर कळायला हवं होतं,
सायकलवाल्याच्या माळ्यावर,
जिथे माझे मुळे निम्मे सुकून जातात.

काल पाळी संपवून कोट घालत होतो.
बाई दाराशी.
"तू एकटाच राहतोस ना?"
हो म्हणालो.
"मग पाच तुझी, पाच माझी. एकोणपन्नास येन काढ."
मी पन्नासचं नाणं दिलं, राहू द्या म्हटलं.
"का राहू द्या?"
पाकिटाच्या तळातून एक येन शोधून काढला,
माझ्या तळहातावर ठेवला, बोटं मिटवली.

रोज शंभरेक वस्तू अर्ध्या किमतीत करतो मी.
मला कुणी काही अर्धं देऊ केल्याचं आठवत नाही.

माझी पाच अंडी त्यांनी जाहिरातीच्या कागदात बांधून दिली.
जिना चढताना पोटाशी धरली.
वर येऊन कागद सोडला, चुलीशेजारी पसरला,
तर मधोमध लाल गोल:
कांदे, पुलापलीकडे.

उद्या मला सुट्टी आहे.
बर्फही वितळत आलंय.
आणि पाय, म्हटलं तर, माझेच.